एक विजय, अकरा पराभव आणि डावा टॅकल : एक प्रकरण अभ्यास

खेळाडूचं आणि विद्यापीठाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. अमेरिकी कॉलेज फुटबॉल पाहणाऱ्यांना ते दोन परिच्छेदांतच कळेल, आणि त्याला हरकत नाही; सगळी माहिती जाहीर आहे. नावं बाजूला ठेवली की चर्चा 'तो किती भारी' इथून सुटते आणि निर्णयांवर येते, एवढाच हेतू.

पार्श्वभूमी

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर एक खासगी विद्यापीठ आहे. अभ्यासात कडक, फुटबॉलमध्ये कधी वर तर कधी खाली. ते बिग टेनमध्ये खेळतं, म्हणजे ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट यांच्या गटात. आपला खेळाडू शिकागोच्याच एका उपनगरातला. त्याचे आजोबा १९६०च्या दशकात ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडून डाव्या टॅकलला खेळले आणि पहिले दोन सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचे अंतिम सामने) जिंकणाऱ्या संघात होते. नातवानेही तीच जागा धरली.

ही जागा काय असते ते थोडं सांगायला हवं. चेंडू खेळात आला की क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याच्या, पुढ्यात पाच जणांची भिंत उभी असते : मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. या पाचांनी चेंडू पळवायचा नाही, फेकायचा नाही, झेलायचा तर नाहीच. समोरून अंगावर येणाऱ्यांना दोन-तीन सेकंद अडवायचं, नाहीतर धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ फेकताना डावीकडे असते, म्हणून डावा टॅकल हा त्याच्या पाठीचा राखणदार. समोरच्या संघाचा सगळ्यात चपळ माणूस बऱ्याचदा याच बाजूने सुटतो.

२०२० साली आपला खेळाडू पहिल्या वर्षाला होता आणि त्याला लगेच संधी मिळण्याचं काही कारण नव्हतं. त्या जागेवर आधीच एक पट्टीचा टॅकल होता. त्याने २०१९च्या हंगामात ओहायो स्टेटचा नावाजलेला बचावपटू चेस यंग याला असं अडवलं होतं की पुढे खेळाडू हेरणारी स्काउट मंडळी त्या सामन्याचीच फिल्म काढून बसत. तो सामना त्याच्या संघाने ३–५२ असा गमावला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं. कोविडमुळे या टॅकलने २०२०चा हंगाम न खेळण्याचं ठरवलं, जागा रिकामी झाली आणि पहिल्या वर्षाचा मुलगा पहिल्याच सामन्यापासून डावीकडे उभा राहिला. संघाने ७ सामने जिंकले, २ गमावले, गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि शेवटी सिट्रस बोल या हंगामानंतरच्या सामन्यात ऑबर्नला ३५–१९ असं हरवलं.

नंतर घसरण झाली. २०२१ मध्ये ३ विजय, ९ पराभव.

अडचण

२०२२चा हंगाम डब्लिनमध्ये सुरू झाला. आयर्लंडच्या अविवा स्टेडियममध्ये २७ ऑगस्टला नेब्रास्काशी गाठ होती. नेब्रास्का २८–१७ असा पुढे असताना त्यांच्या कोचने अचानक आखूड किक मारून चेंडू परत मिळवण्याचा डाव टाकला. तो फसला, सामना फिरला आणि आपल्या संघाने ३१–२८ असा जिंकला. त्यानंतर सलग अकरा पराभव. म्हणजे अमेरिकेच्या भूमीवर त्या वर्षी या संघाने एकही सामना जिंकला नाही.

हे पराभव एकसारखे नव्हते. ड्यूकविरुद्ध शेवटच्या क्षणी गोललाइनच्या तोंडाशी चेंडू हातातून निसटला, निकाल २३–३१. सदर्न इलिनॉयसारख्या खालच्या स्तरावरच्या संघाने घरच्या मैदानावर ३१–२४ असं हरवलं. पावसातल्या सामन्यात पेन स्टेटने पाच वेळा चेंडू गमावला, तरी आपल्या संघाला फक्त ७ गुण करता आले, निकाल ७–१७. ओहायो स्टेटशी तुफान वाऱ्यात खेळताना सुरुवातीला आघाडी होती, मग ७–२१. शेवटचा सामना ३–४१. बारा सामन्यांत मिळून १६५ गुण, त्यातले शेवटच्या पाच सामन्यांत ३५.

या सगळ्यात डाव्या टॅकलचं काम मात्र उत्तम चाललं होतं. अडचण हीच होती. ते मोजायचं कसं आणि त्याचं करायचं काय?

ज्यांनी फक्त गुणफलक पाहिला त्यांना वाटणार : इतका चांगला असेल तर संघ असा का हरतो? प्रश्न रास्त वाटतो, पण लाइनच्या, म्हणजे त्या पाच जणांच्या भिंतीच्या, बाबतीत तो चुकीच्या जागी विचारला जातो. कबड्डीत साखळी धरून उभं राहिलं की चढाईपटू मजबूत हाताकडे जात नाही, जो हात सैल आहे तिथूनच निसटतो. पाच जणांच्या भिंतीचंही तसंच. चौघांनी नीट अडवलं आणि पाचवा चुकला तर क्वार्टरबॅक आडवा. पाचही जणांनी नीट अडवलं आणि क्वार्टरबॅकने चेंडू भलत्याच्या हाती दिला, तरी फळ तेच. शिवाय डावी बाजू पक्की आहे हे कळलं की समोरचा बचाव आपली ताकद उजवीकडे किंवा मधून लावतो. म्हणजे टॅकल जितका चांगला, तितका धोका त्याच्या शेजाऱ्यांकडे सरकतो.

एक गोष्ट उलट दिशेची, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. हरणाऱ्या संघाच्या टॅकलची परीक्षा जास्त कठीण असते. संघ मागे पडला की धावण्याचे डाव बाजूला पडतात आणि फेकणं भाग पडतं. समोरच्यालाही ते ठाऊक असतं, त्यामुळे फसवाफसवीची भीती न बाळगता तो सरळ क्वार्टरबॅकच्या अंगावर सुटतो. जिंकणाऱ्या संघाच्या टॅकलला अशा उघड चढाया चौथ्या पर्वात सोसाव्या लागत नाहीत. त्याचा संघ तेव्हा घड्याळ संपवत धावत असतो. २०२२च्या या डाव्या टॅकलने दर आठवड्याला दुसऱ्या अर्धात तेच सोसलं. फिल्म पाहणाऱ्यांना हे दिसत होतं, गुणफलक पाहणाऱ्यांना नाही.

पर्याय

त्याच्या मनात काय चाललं होतं याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे त्या त्या वेळी कोणती दारं उघडी होती एवढं मात्र नियमांवरून नेमकं सांगता येतं.

पहिला टप्पा २०२१चा हंगाम संपल्यावरचा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजमधून नवे खेळाडू घेतात त्या निवडीत, जाणं शक्य नव्हतं. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल ही व्यावसायिक लीग घेत नाही. उरले दोन पर्याय : राहणं किंवा दुसरं विद्यापीठ गाठणं. हा काळ महत्त्वाचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने नियम बदलला आणि फुटबॉलपटूंना एकदा बदली घेऊन लगेच खेळण्याची मुभा दिली; आधी एक वर्ष बसावं लागे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती आणि करार करून कमावता येऊ लागलं. बिग टेनमध्ये दोन हंगाम डावा टॅकल म्हणून खेळलेल्या मुलाला त्या बाजारात गिऱ्हाईक मिळालं नसतं असं म्हणणं अवघड आहे. बदलीच्या बाजूने : जास्त विजय, मोठे सामने, पैसा. विरुद्ध बाजूने : नवी पद्धत, नवा लाइन कोच, पदवीचे काही श्रेयांक पाण्यात जाण्याची शक्यता आणि कदाचित दुसऱ्याच जागेवर खेळण्याची वेळ. घरापासूनचं अंतर हाही मुद्दा असतो, पण तो कागदावर येत नाही.

दुसरा टप्पा २०२२च्या हंगामाच्या मध्यावर. संघाचं काहीच पणाला लागलेलं नाही, पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत निवड होण्याची चिन्हं आहेत आणि दर शनिवारी कोणीतरी त्याच्या गुडघ्यावर पडून त्याला जखमी करू शकतं. अशा वेळी बाजूला होणं अमेरिकेत आता नवलाचं राहिलेलं नाही. याच जागेवरचा त्याच्या आधीचा टॅकल तर अख्खा हंगाम न खेळताही २०२१च्या ड्राफ्टमध्ये १३वा निवडला गेला होता. उदाहरण डोळ्यांसमोर होतं.

मग प्रश्न असा की बाजूला होण्यात नेमका तोटा कोणता? माझ्या मते एकच, पण मोठा. त्याचे हात टॅकलसाठी आखूड तर नाहीत, ही शंका. ती ड्राफ्टच्या आधी येणार हे उघड होतं, आणि तिला उत्तर द्यायला फिल्मखेरीज काही नव्हतं. शंका आधीच आहे हे ठाऊक असताना पुरावा अर्धा ठेवायचा नसतो.

तिसरा टप्पा हंगाम संपल्यावर. २०२० हे वर्ष कोविडमुळे पात्रतेत धरलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजमध्ये आणखी खेळण्याची मुभा शिल्लक होती. एनएफएलची एक सल्लागार समिती वेळेआधी निघू पाहणाऱ्या मुलांना साधं उत्तर देते : पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा परत जा. या टप्प्यावर फारसं तोलायला नव्हतं. लाइनमन परत आला तर त्याला सुधारायला जागा कमी आणि जखमेला जागा जास्त.

काय केलं गेलं

तो राहिला, आणि २०२२चा हंगाम अर्ध्यावर सोडला नाही. जागाही बदलली नाही.

हंगामाच्या शेवटी बिग टेनने त्याला गटातला सर्वोत्तम आक्रमक लाइनमन ठरवलं. ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंचा मानाचा संघ निवडणाऱ्या पाचही अधिकृत संस्थांनी त्याला पहिल्या संघात घेतलं, म्हणजे तो एकमताने ऑल-अमेरिकन झाला. १–११ अशा संघातून. मतदारांनी फिल्म पाहिली याचा याहून चांगला पुरावा नको.

मग त्याने ड्राफ्टसाठी नाव दिलं आणि इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी-शिबिरात, मोजमापं झाली. उंची सहा फूट चार इंच, वजन ३१३ पाउंड, सगळं ठीक. हाताची लांबी ३२ १/४ इंच.

इथे थांबायला हवं, कारण पुढची सगळी चर्चा या एका आकड्याभोवती फिरली. टॅकल टोकाला असतो. समोरचा बाहेरून वळसा घालून येतो आणि त्याच्या छातीवर आधी हात कोणाचा टेकतो यावर पुष्कळ ठरतं. म्हणून टॅकलचे हात ३३-३४ इंच तरी असावेत असा स्काउट मंडळींचा ठोकताळा. गार्ड मधे असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस असतो, समोरचा जवळूनच येतो. तिथे आखूड हात चालतात. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला ओहायो स्टेटचा टॅकल ३६ इंचांहून लांब हातांचा होता. आपल्या खेळाडूत आणि त्याच्यात चार इंचांच्या आसपास फरक. फिल्म सांगत होती 'हा टॅकल आहे', फूटपट्टी सांगत होती 'गार्ड'.

निकाल

२७ एप्रिल २०२३, कॅन्सस सिटी. सहाव्या क्रमांकावर ओहायो स्टेटचा तो लांब हातांचा टॅकल गेला. दहावी निवड शिकागो बेअर्सची, म्हणजे आपल्या खेळाडूच्या घरच्या शहराची. त्यांनी टॅकलच घेतला, पण दुसरा. अकराव्या क्रमांकावर टेनेसी टायटन्सनी आपल्या खेळाडूचं नाव घेतलं.

चौदाव्या क्रमांकावर जॉर्जियाचा डावा टॅकल निवडला गेला. जॉर्जिया त्या हंगामात १५–० होता, राष्ट्रीय विजेता, आणि अंतिम सामना त्यांनी ६५–७ असा जिंकला होता. एक सामना जिंकलेल्या संघाचा डावा टॅकल एकही सामना न हरलेल्या संघाच्या डाव्या टॅकलच्या तीन जागा आधी गेला. 'संघ हरत असेल तर मुलाचं नुकसान होतं' असं पालक मंडळी हमखास म्हणतात. मुलांच्या बदलीचे निर्णय त्याच भीतीने होतात. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ते खरं असेलही. लाइनमनच्या बाबतीत हे प्रकरण त्याला साथ देत नाही.

विद्यापीठाचं काय झालं? सतरा हंगाम मुख्य कोच राहिलेल्या माणसाला जुलै २०२३ मध्ये, संघातल्या रॅगिंगच्या आरोपांनंतर पदावरून काढण्यात आलं. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, इथे त्यात शिरत नाही. नव्या कोचच्या हाताखाली, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या नव्या क्वार्टरबॅकसह संघाने २०२३ मध्ये ८ सामने जिंकले, ५ गमावले.

आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. २०१९ मध्ये आधीचा उत्तम टॅकल संघात होता : ३–९. तो बाजूला झाला : ७–२. २०२२ मध्ये आपला खेळाडू होता : १–११. तो गेला : ८–५. दोनदा या विद्यापीठाने पहिल्या फेरीतला डावा टॅकल गमावला आणि दोन्ही वेळा संघ सुधारला. टॅकल गेला म्हणून सुधारला असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण एकटा टॅकल निकाल किती हलवतो याचा अंदाज यावरून नक्की येतो. दोन्ही चांगल्या वर्षांत बाहेरून आलेला अनुभवी क्वार्टरबॅक होता. मधल्या दोन वर्षांतही बाहेरून आलेला क्वार्टरबॅक संघात होता, पण जमलं नाही. तेव्हा 'प्रयत्नच केला नाही' असा ठपकाही ठेवता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खेळाडूने? फार काही नाही. बदली घेतली असती तर जास्त सामने जिंकले असते, कदाचित कमाईही जास्त झाली असती. ड्राफ्टमध्ये अकराव्याच्या वर किती गेला असता? सहाव्या आणि दहाव्या जागी गेलेल्या टॅकलना मागे टाकायला त्याला लांब हात हवे होते, जास्त विजय नव्हेत. ते कोणतंच विद्यापीठ देत नाही.

विद्यापीठाच्या कोच मंडळींचा एक निर्णय मात्र तपासण्यासारखा आहे. हंगाम हातातून गेल्यावर, नोव्हेंबरमध्ये, त्याला काही डाव गार्डला खेळवून पाहता आलं असतं. दोन जागांची फिल्म हाती असती तर एनएफएल संघांना अंदाज बांधावा लागला नसता. याविरुद्धचा मुद्दा तितकाच वजनदार आहे : ज्या संघाचा क्वार्टरबॅक आधीच मार खातोय त्याची सगळ्यात पक्की बाजू मोकळी करून प्रयोग करायचा, आणि मार खाणार तो दुसराच विद्यार्थी. मी कोच असतो तर केला नसता. पण चर्चा तरी केली असती.

सगळ्यात जास्त खटकतो तो टेनेसीचा निर्णय. त्यांनी त्याला डाव्या गार्डला लावलं आणि तिथेच ठेवलं. तो तिथे चांगला खेळतो, यात वाद नाही. पण याच विद्यापीठाच्या, त्याच्या आधीच्या टॅकलचे हात ३३ इंचांचे होते, त्याच्याविषयीही 'हा गार्ड' अशीच कुजबुज होती. त्याला निवडणाऱ्या चार्जर्स संघाने तरीही त्याला डाव्या टॅकलला उभं केलं आणि पहिल्याच वर्षी तो प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडला गेला. दोघांत फरक पाऊण इंचाचा. एकाला जागा मिळाली आणि उत्तर मिळालं. दुसऱ्याच्या बाबतीत प्रश्न फूटपट्टीवरच सुटला असं धरलं गेलं. गार्डपेक्षा टॅकलला मिळणारा पैसा बराच जास्त असतो, त्यामुळे हा नुसता तात्त्विक मुद्दा नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती. पुढचा मोठा करार कोणत्या जागेच्या भावाने होणार हे याच वर्षांत ठरतं.

संघाच्या बाजूने एवढं म्हणता येईल की नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून जी जागा हमखास जमेल ती द्यावी, हा सावध आणि समजण्यासारखा विचार आहे. मात्र २०२३ मध्ये टेनेसी ६–११ होता आणि डावा टॅकल ही त्यांची दुखरी जागा होती. गमावण्यासारखं फार नव्हतं. तरी त्यांनी २०२४च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर नवा टॅकल घेतला, त्याला टोकाला उभं केलं आणि आपला खेळाडू त्याच्या शेजारी गार्डला राहिला.

ड्राफ्टची रचनाच अशी की जो संघ जास्त हरतो तो आधी निवडतो. त्यामुळे हरणाऱ्या कॉलेज संघातला उत्तम लाइनमन बहुधा हरणाऱ्या व्यावसायिक संघातच जाऊन पडतो. २०२४ मध्ये टेनेसीने ३ सामने जिंकले, १४ गमावले. पहिल्या फेरीतून आलेले दोन लाइनमन शेजारी उभे असूनही. त्या बदल्यात २०२५च्या ड्राफ्टमधली पहिली निवड त्यांच्याकडे आली. तिच्यावर त्यांनी क्वार्टरबॅक घेतला.